विष, वंश आणि वेड

मलकापूरचा असो वा मोताळा-नांदुऱ्याकडचा, स्थळ पाहावयास निघालेला वऱ्हाडी मनुष्य दोन प्रकारचे प्रश्न विचारतो. शेती किती, विहिरीला पाणी किती, मुलगा नोकरीत कायम झाला आहे की नाही, हे प्रश्न तो बैठकीत, चारचौघांसमक्ष विचारतो. घराण्यात कोणाच्या डोक्यावर परिणाम झालेला नाही ना, हा प्रश्न मात्र तो बैठकीत काढीत नाही. तो गावातल्या एखाद्या दूरच्या सोयऱ्याला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारतो. ज्या घराविषयी तो विचारला जातो त्या घराचे उत्तरही पिढ्यान् पिढ्या ठरलेले असते: आमच्याकडे तसे कोणी नाही. आजीचा भाऊ घर सोडून गेला तो बैरागी झाला. चुलती माहेरी राहते ती प्रकृतीमुळे. थोरल्या काकांचे लग्न झाले नाही ते त्यांनीच केले नाही म्हणून. लपविण्याची ही रीत इतकी अंगवळणी पडते की पुढच्या पिढीला त्यात काही लपविलेले आहे याचाही पत्ता राहत नाही.

नेमका हाच प्रश्न आता वैद्यकशास्त्रही विचारू लागले आहे. सोयरीक मोडण्याशी त्याला कर्तव्य नाही; तरुण मुलाचे मन शाबूत राखणे हा त्याचा हेतू आहे. उत्तेजक अमली पदार्थ घेतल्याने एखाद्याला वेड लागते आणि त्याच्या शेजारी बसून तीच पूड घेणाऱ्या दुसऱ्याला लागत नाही, असे का व्हावे? या कोड्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग घराण्याच्या इतिहासात आहे, असे गेल्या काही दशकांच्या संशोधनाने दाखविले आहे. ज्या समाजात तो इतिहास झाकून ठेवणे हीच प्रतिष्ठा मानली जाते, त्या समाजाने या संशोधनाची दखल गांभीर्याने घेणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्राला हा विषय दूरचा राहिलेला नाही. मेफेड्रोन, म्हणजे बोलीभाषेतील ‘एमडी’ किंवा ‘म्यांव म्यांव’, हे उत्तेजक द्रव्य केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणले. तोपर्यंत मुंबईच्या तरुणांत ते पुरते पसरले होते. २०१६ मध्ये सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून, उत्तेजके बनविण्यास लागणारे एफेड्रिन पोलिसांनी टनावारी जप्त केले. २०२३ च्या ऑक्टोबरात नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी पुणे, दौंड तालुक्यातील कुरकुंभ, दिल्ली आणि सांगली येथून मिळून सतराशे किलोंहून अधिक एमडी हस्तगत केले. तेव्हा हे विष परदेशातून बोटीने येते आणि मुंबईच्या श्रीमंत वस्त्यांत संपते, ही समजूत आता सोडून दिलेली बरी. ते याच राज्याच्या औद्योगिक वसाहतींत तयार होते आणि याच राज्याच्या रस्त्यांनी हिंडते.

मलकापूर हे वऱ्हाडचे पश्चिमेकडील प्रवेशद्वार. मुंबई-नागपूर लोहमार्ग येथूनच जातो. सुरतेकडून कोलकात्याकडे जाणारा महामार्गही येथूनच जातो. सरकारी कागदावर त्याचा क्रमांक आता ५३ असला, तरी जुन्या लोकांच्या तोंडी तो अजून ‘सहा नंबर’च आहे. ज्या वाटेने कापसाच्या गाठी जातात त्या वाटेने दुसरे काही येणारच नाही, असे कोणी मानू नये. शिवाय येथील मुले बारावीनंतर पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शिकावयास जातात. एका खोलीत चौघे राहतात, रात्ररात्र जागतात आणि ‘झोप येत नाही, अभ्यास होतो’ असे सांगून हातावर ठेवलेली पहिली चिमूट किंवा गोळी त्यांना तेथेच भेटते. संख्येचा विपर्यास मात्र करू नये. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटात ॲम्फेटामिन जातीची उत्तेजके घेणाऱ्यांचे प्रमाण ०.१८ टक्के, म्हणजे हजारी दोनांहूनही कमी होते. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांची संख्या याहून कितीतरी मोठी आहे. परंतु ज्या घरात हे संकट शिरते त्या घराला टक्केवारीचा दिलासा मिळत नाही. आणि हे संकट ओळखण्याची साधने तर आपल्यापाशी फारच थोडी आहेत.

कारण, व्यसनी माणसाचे जे चित्र मराठी मनात ठसले आहे ते ‘गर्द’चे आहे. १९८० नंतरच्या दशकात ब्राऊन शुगरने मुंबई-पुण्याची मुले ग्रासली. त्या वेळी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले आणि व्यसन हा आजार आहे ही दृष्टी महाराष्ट्राला दिली. गर्दचा रोगी गुंगीत असतो; गर्द मिळाली नाही की त्याचे अंग मोडून येते, नाका-डोळ्यांतून पाणी वाहते, उलट्या होतात. घरच्यांना काहीतरी बिघडले आहे हे डोळ्यांनी दिसते. उत्तेजकांचे तसे नाही. ते घेणारा मुलगा प्रारंभी अधिक हुशार, अधिक बोलका, अधिक उद्योगी दिसतो. त्याला भूक नसते, झोप नसते आणि थकवाही नसतो. आईबापांना तो मेहनती झाला असे वाटते. बिघाड आधी शरीरात दिसत नाही. तो मनात शिरतो.

तो कसा शिरतो, हेही आता बरेचसे उलगडले आहे. मेंदूत डोपामिन नावाचे एक रसायन असते. भोवतालच्या असंख्य गोष्टींतून कशाला महत्त्व द्यावयाचे आणि कशाकडे दुर्लक्ष करावयाचे, या निवडीत त्याचा मोठा वाटा असतो. उत्तेजके हे रसायन पेशींच्या दरम्यान वाजवीपेक्षा फार अधिक सोडवितात. मग कशाकडेच दुर्लक्ष होईनासे होते. रस्त्यातून गेलेली मोटार सहज गेली असे वाटत नाही, ती पाळतीवर आहे असे वाटते. दोन माणसे हसली तर ती आपल्यालाच हसली. भिंतीपलीकडचा पुटपुटता आवाज आपले नाव घेतो. कित्येकांना कातडीखाली किडे वळवळत असल्याचा भास होतो आणि ते खाजवून खाजवून जखमा करून घेतात. मनोविकृती म्हणतात ती हीच.

हे ज्ञान नवे नाही. ॲम्फेटामिन प्रथम १८८७ मध्ये तयार झाले. त्याचे अधिक उग्र भावंड मेथॲम्फेटामिन जपानच्या नागाई नागायोशी यांनी १८९३ मध्ये एफेड्रिनपासून बनविले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी, जपान आणि ब्रिटन या तिन्ही देशांच्या सैन्यांनी आपले शिपाई जागे ठेवण्यासाठी या कुटुंबातील गोळ्या वापरल्या. युद्ध संपल्यावर जपानमध्ये ‘हिरोपोन’ या नावाने विकले जाणारे ते द्रव्य पराभवाने खचलेल्या तरुण पिढीत वणव्यासारखे पसरले. १९५१ मध्ये कायदा करावा लागला. १९५४ या एका वर्षात पंचावन्न हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. बरे झालेल्या रोग्यांत पुढे कित्येक वर्षांनी अगदी थोड्या मात्रेने, किंवा नुसत्या मानसिक ताणानेही जुने भास परत येतात, ही महत्त्वाची नोंद जपानी मनोविकारतज्ज्ञांनीच केली. १९५८ मध्ये लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील फिलिप कॉनेल यांनी अशा रोग्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. हा विकार स्किझोफ्रेनियाच्या संशयप्रधान प्रकाराहून लक्षणांवरून वेगळा ओळखता येत नाही, असे त्यांनी दाखविले. मात्र द्रव्य शरीरातून उतरले की बहुतेक रोगी थोड्याच दिवसांत शुद्धीवर येतात, हेही त्यांनी नोंदविले.

‘बहुतेक’ या शब्दापाशी मात्र खरा प्रश्न सुरू होतो. उरलेल्यांचे काय? आणि मुळात हा विकार सर्वच सेवनकर्त्यांना का होत नाही? मात्रा किती, किती काळ, किती रात्री जागून, कोणत्या वयात, जोडीला गांजा होता की नाही, या साऱ्याचा परिणाम होतो यात शंका नाही. तथापि एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. तैवानमधील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेथॲम्फेटामिन घेणाऱ्यांच्या नातेवाइकांची चौकशी केली. ज्यांना मनोविकृती झाली होती त्यांच्या रक्ताच्या नात्यात स्किझोफ्रेनियाचा धोका, ज्यांना ती झाली नव्हती त्यांच्या नात्यातील धोक्याच्या सुमारे पाचपट आढळला. ज्यांची विकृती लांबली त्यांच्या घराण्यात तर हा भार अधिकच होता. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी रोग्यांच्या जनुकांची व्यापक तपासणी केली आणि या मादकजन्य वेडाच्या व स्किझोफ्रेनियाच्या जनुकीय खुणा काही अंशी सामायिक आहेत असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी फिनलंडमधील अठरा हजारांहून अधिक रोग्यांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲम्फेटामिनने मनोविकृती झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांचे निदान पुढील आठ वर्षांत स्किझोफ्रेनियाच्या कुळातील आजाराचे झाले. गांजाने झालेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. गांजाला साधूंची वनस्पती म्हणून सूट देणाऱ्यांनी हा दुसरा आकडा विसरू नये.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावयास मोठ्या शास्त्राची गरज नाही. अतिवृष्टी सगळ्या शिवारावर सारखीच होते. खोल काळ्या जमिनीत पाणी साचते आणि कपाशी पिवळी पडते. शेजारच्या हलक्या, निचऱ्याच्या रानात ती तग धरते. दोष पावसाचा की जमिनीचा, हा वाद व्यर्थ आहे. दोन्ही एकत्र आली म्हणून पीक गेले. आणि पाऊसच फार मोठा झाला तर हलके रानही वाहून जाते, हेही तो शेतकरी जाणतो.

या शेवटच्या वाक्याकडे दुर्लक्ष होता कामा नये. कारण आनुवंशिकतेच्या नावाने दोन चुकीचे निष्कर्ष काढले जाण्याचा धोका आहे. पहिला निष्कर्ष निश्चिंततेचा: आमच्या घराण्यात कोणी वेडे नाही, तेव्हा आम्हांला भय नाही. वास्तविक मेथॲम्फेटामिन घेणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोकांना केव्हा ना केव्हा मनोविकृतीची लक्षणे अनुभवास येतात, असे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून दिसून आले आहे. स्किझोफ्रेनिया शंभरांत साधारण एकाला होतो. तेव्हा विकृत होणारे हे सारे अशा घराण्यांतूनच येतात असे गणितानेच संभवत नाही. विष पुरेसे तीव्र असेल तर कोणतेही मन मोडते. शिवाय, ‘आमच्याकडे कोणी नाही’ हे विधान खरे आहे की लपविलेल्या इतिहासाचे पांघरूण आहे, हे ते करणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

दुसरा निष्कर्ष दैववादाचा: रक्तातच आहे, मग उपाय काय? हाही तितकाच खोटा. आई किंवा वडील यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर अपत्याला तो होण्याची शक्यता शंभरांत सुमारे दहा असते. म्हणजे नव्वद अपत्ये त्यातून सुटतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात या आजाराशी निगडित अशी २८७ जनुकीय स्थाने सापडली. प्रत्येकाचा वाटा रतीभर. ‘वेडाचे जनुक’ असे काही नाही. मागे एखाद्या एकट्या जनुकावर बोट ठेवून केलेले गाजावाजाचे दावे पुढच्या तपासणीत बहुधा टिकले नाहीत. रक्त तपासून हा मुलगा उत्तेजकाने वेडा होईल आणि तो होणार नाही असे सांगणारी कोणतीही चाचणी आज उपलब्ध नाही, आणि तशी ती आहे असे सांगून कोणी पैसे मागू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये. आजच्या घटकेला सर्वसामान्य माणसाच्या हाती एकच उपयुक्त साधन आहे: घराण्याचा खरा इतिहास. त्यास खर्च लागत नाही. लागते ते धैर्य.

हे धैर्य नसल्याची किंमत कशी मोजावी लागते, ते पाहण्यासारखे आहे. शहरात शिकणारा मुलगा दिवाळीस घरी येतो. रात्री झोपत नाही, खिडक्या लावून घेतो, शेजारी आपल्याविषयी बोलतात म्हणतो. वडिलांना तो अभ्यासाचा ताण वाटतो; आईला बाहेरची बाधा वाटते. दृष्ट काढली जाते, मग देवऋषी येतो. त्यानेही उतरले नाही तर बुलढाण्याच्या पलीकडे पिंपळगाव सराई येथील सैलानी बाबांचा दर्गा असतो. होळीच्या सुमारास तेथे भरणाऱ्या यात्रेस सर्व धर्मांचे लोक येतात आणि आपले मनोरुग्ण बरे व्हावेत म्हणून त्यांना घेऊन येतात. त्या श्रद्धेची हेटाळणी करण्याचे कारण नाही; ज्यांना कोणी आधार दिला नाही त्यांना तेथे आधार वाटला. परंतु श्रद्धेच्या जोडीला उपचार नसला, तर त्या मुलाचे मोलाचे महिने हातचे जातात. आणि श्रद्धेच्या जोडीला साखळदंड आला तर काय होते, हे तमिळनाडूतील एरवाडीने दाखविले आहे. तेथे ऑगस्ट २००१ मध्ये लागलेल्या आगीत, बांधून ठेवलेले मनोरुग्ण पळूही शकले नाहीत. २८ जण मेले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे हा गुन्हा ठरविला आहे, आणि २०१७ च्या केंद्रीय मानसिक आरोग्य कायद्यानेही मनोरुग्णास साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे.

शेवटी केव्हा तरी तो मुलगा डॉक्टरांपुढे येतो. डॉक्टर दोन प्रश्न विचारतात. पहिला: काही घेतोस का? मुलगा नाही म्हणतो, कारण त्याला पोलिसांचे भय आहे. दुसरा: घरात कोणाला असा आजार होता का? वडील नाही म्हणतात, कारण धाकटी मुलगी लग्नाची आहे. दोन खोट्या उत्तरांवर उभे राहिलेले निदान खरे कसे ठरावे? द्रव्य बंद झाल्यावर लक्षणे दिवसांत ओसरली, तर पुढे त्या द्रव्यापासून जन्मभर दूर राहणे हाच मुख्य उपचार. महिना उलटूनही ती टिकली, तर मूळचाच आजार जागा झाला असा संशय घेऊन दीर्घकाळ औषध देणे भाग. हा निर्णय डॉक्टरांनी ज्या माहितीवर करावयाचा, तीच त्यांच्यापासून दडविली जाते. मधुमेहाच्या घरात बाप मुलाला बजावतो की आपल्या घरात साखरेचा आजार आहे, तू जपून राहा. या एका आजाराविषयी मात्र तोच बाप मुलाला अंधारात ठेवतो आणि त्याच अंधारात वसतिगृहावर पाठवितो.

भय दूर करण्याची जबाबदारी अर्थात एकट्या कुटुंबाची नाही. कायद्यात सोय आहे, पण ती लोकांपर्यंत पोचलेली नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. २०१७ च्या कायद्याने रोग्याची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घातले आहे आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक विकारांना मानसिक आजाराच्या व्याख्येत स्थान दिले आहे. हे दोन मुद्दे प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर ठळक मराठीत लागले पाहिजेत. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये. त्यांतील विदर्भातले नागपूर मलकापुरापासून तीनशे किलोमीटरांहून दूर आहे. रात्री दोन वाजता ज्याच्या मुलाने दार आतून लावून घेतले आहे त्या कारकुनाला नागपूरचा पत्ता देणे ही थट्टा होय. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ ठरावीक वारी येतो, तेथे मूळ औषधे मिळतात, लघवीतील अमली पदार्थांची तपासणी होते, एवढी व्यवस्था मागणे ही काही चैन नव्हे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा चालू आहे, तीवर मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक शिक्षकांना तोंडपाठ असावा.

शिक्षकांचे काम येथेच संपत नाही. शाळा-महाविद्यालयांत व्यसनमुक्तीचा दिवस साजरा होतो. कवटीची चित्रे लागतात, शपथ घेतली जाते. पण ज्याने मित्राला एमडी घेऊन हसताना पाहिले आहे त्या मुलाचा कवटीवर विश्वास बसत नाही. त्याला खरे सांगावे: मित्राला काही झाले नाही हे खरे असेल, पण तुझा मेंदू त्याच्या मेंदूसारखा नाही, आणि तो कसा आहे हे आधी कळण्याचा मार्ग आज कोणापाशीच नाही. घरी जाऊन आजीला विचार. भीती घालण्यापेक्षा हे सांगणे कठीण आहे, परंतु मुले ते ऐकतील.

आणि आजीने उत्तर द्यावे. बैरागी झालेला भाऊ खरोखर कशाने गेला, हे नातू गाव सोडण्यापूर्वी त्याच्या कानावर पडले पाहिजे. हे सांगितल्याने घराण्याला बट्टा लागतो ही समजूत ज्यांनी जोपासली त्यांतील पुष्कळशी माणसे आज हयातही नाहीत. स्थळ पाहावयास आलेल्याला काय सांगावे, याचा निर्णय प्रत्येक घर आपापल्या सदसद्विवेकाने करील. परगावी निघालेल्या आपल्या मुलाला मात्र खोटे सांगण्याचा अधिकार कोणत्याही घराला नाही.